रेणूची तार: लांबी बदलायची की प्रकाश टाकायचा?

रेणूंच्या तारांवर, म्हणजे धातूच्या दोन टोकांमध्ये धरलेल्या आणि वीज वाहून नेणाऱ्या लांबट रेणूंवर, नव्याने काम सुरू करणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांतच एक रस्ता धरावा लागतो. इलेक्ट्रॉन तारेतून कसा जातो हे कळायला तारेत काहीतरी बदलून बघावं लागतं, आणि पिळता येतील अशा खुंट्यांपैकी दोन सगळ्यांत मोठ्या आहेत: लांबी आणि प्रकाश. एक तर एकाच घराण्यातले चार-पाच रेणू घ्यायचे, आखूड ते लांब, आणि प्रत्येकाची वाहकता मोजायची. नाही तर एकच रेणू पकडायचा, त्याच्यावर प्रकाश टाकायचा, काढायचा आणि प्रवाह किती हलतो ते बघायचं. मी दोन्ही केलं आहे. आधी प्रकाश, जवळजवळ तीन वर्षं. मग लांबी, आणि आजही तेच चालू आहे. त्यामुळे माझा कल कुठे आहे हे लपून राहणार नाही. तरी दुसऱ्या बाजूला न्याय मिळावा असा प्रयत्न करतो, कारण त्या बाजूला मी मनापासून वेळ दिला आहे.

टनेलिंग (इलेक्ट्रॉनचं अडथळ्याच्या आरपार जाणं) काय असतं, ब्रेक जंक्शनमध्ये सोन्याचं टोक पृष्ठभागावर दाबून मागे ओढलं की मध्ये रेणू कसा अडकतो, हिस्टोग्राम (कोणती वाहकता किती वेळा आली त्याचा आलेख) कसा वाचायचा, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ज्यांच्याकडे स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप किंवा वाहक टोकाचा ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोप आहे आणि पुढची दोन-तीन वर्षं कशावर घालवायची याचा विचार चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

लांबीच्या बाजूने

लांबीची मोठी सोय ही की तिच्यातून एक आकडा निघतो. वाहकतेचा लॉगॅरिथम लांबीसमोर मांडला की सरळ रेषा येते, तिचा उतार म्हणजे बीटा. १९७१ मध्ये मान आणि कून यांनी फॅटी आम्लांच्या एकेरी थरांवर हेच पाहिलं होतं, आणि आज एकेका रेणूवर मोजलं तरी चित्र तेच राहतं. साध्या अल्केन साखळीत (एकेरी बंधांनी जोडलेल्या कार्बनच्या साखळीत) बीटा दर कार्बनमागे १ च्या आसपास असतो, म्हणजे एक कार्बन वाढवला की वाहकता पावणेतीन पटीच्या आसपास घसरते. बेंझिनच्या कड्या ओळीने जोडल्या की उतार दर अँगस्ट्रॉममागे (नॅनोमीटरच्या दहाव्या भागामागे) ०.४ च्या जवळ येतो. रेणूत इलेक्ट्रॉनला पुढे सरकायला किती वाव आहे ते या एका आकड्यात उतरतं. त्यासाठी मोठं गणित करावं लागत नाही.

२००३ मध्ये शू आणि ताओ यांनी ब्रेक जंक्शनची जी पद्धत रूढ केली, त्यातले आकडे मला अजून तोंडपाठ आहेत. दोन्ही टोकांना गंधक असलेली सहा कार्बनची साखळी १० मेगाओहमच्या थोडी वर, आठ कार्बनची ५० मेगाओहम, दहा कार्बनची ६०० मेगाओहमच्या पुढे. चार कार्बन वाढले आणि रोध साठपट झाला. इतका मोठा बदल असला की यंत्राची थोडीफार कुरबुर चालून जाते. वीस टक्के चूक झाली तरी निष्कर्ष जागचा हलत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे प्रकाशाच्या वेळी त्याची आठवण येईल.

दुसरी गोष्ट, जी नव्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही: ती रेषा मागे शून्य लांबीपर्यंत ओढली की जोडाचा रोध मिळतो. सोनं आणि रेणू जिथे भेटतात तिथे काय चाललंय हे एरवी कळणं फार अवघड. एकाच रेणूवर कितीही मोजमापं घेतली तरी रेणूचा वाटा किती आणि जोडाचा किती, हे वेगळं काढता येत नाही. चार लांब्या हाताशी असल्या की ते सहज वेगळं होतं.

मला मात्र लांबीने जिंकलं ते एका वाकलेल्या रेषेने. २००८ मध्ये फ्रिस्बी यांच्या गटाने इमाइन बंधांनी जोडलेल्या कड्यांच्या तारा दीड नॅनोमीटरपासून सात नॅनोमीटरच्या पुढेपर्यंत वाढवून मोजल्या. साधारण चार नॅनोमीटरपर्यंत बीटा दर अँगस्ट्रॉमला ०.३, त्यापुढे ०.०९. आखूड तारेत इलेक्ट्रॉन एका झेपेत पलीकडे जातो, लांब तारेत थांबत थांबत, उड्या मारत. या तारा बाटलीत तयार करायच्या नसतात, सोन्यावरच वाढवायच्या असतात, आणि ते काम हातांना फार आवडतं. सोन्याचा तुकडा चिमट्याने एका द्रावणातून काढायचा, धुवायचा, नायट्रोजनने वाळवायचा, दुसऱ्या द्रावणात सोडायचा. एकात ॲल्डिहाइड, दुसऱ्यात अमाइन. प्रत्येक बुडीला तार एका कडीने वाढते. डोळ्यांना काहीच दिसत नाही, सोनं तसंच पिवळं. एलिप्सोमीटरवर जाडी वाढलेली दिसते तेव्हाच खात्री पटते.

मी त्याच धर्तीवर स्वतःची मालिका केली तेव्हा पहिले पाच बिंदू एका रेषेत आले. आलेखाचा छापलेला कागद, त्यावर प्लास्टिकची पट्टी, पाचही बिंदू पट्टीच्या कडेला. सहावा बिंदू पट्टीच्या बराच वर. मला वाटलं नमुना खराब आहे. पुन्हा केला, पुन्हा वर. मग नमुन्याखालचा तापक चालू केला आणि तीस-चाळीस अंश वर नेलं. आखूड तारांचा प्रवाह तसूभर हलला नाही, सहाव्या आणि सातव्याचा मात्र चांगलाच वाढला. टनेलिंगला उष्णतेशी फारसं देणंघेणं नसतं, उड्या मारणाऱ्याला असतं. ज्या वाकण्याबद्दल वाचलं होतं ते माझ्या पट्टीखाली होतं. त्या आठवड्यात मी कामाव्यतिरिक्त कशाबद्दलही बोललो नसेन.

लांबीच्या कटकटी नाहीत असं नाही. मालिकेतला प्रत्येक रेणू स्वतंत्र बनवावा लागतो किंवा बनवून घ्यावा लागतो. संयुग्मित साखळी (एकाआड एक दुहेरी बंध असलेली) लांब झाली की विरघळायचं नाव घेत नाही, मग बाजूला शेपट्या जोडाव्या लागतात, आणि शेपट्या जोडल्या की कड्या एकमेकींना ढकलून पिळतात. २००६ मध्ये वेंकटरामन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दोन कड्यांमधला कोन बदलला की वाहकता त्या कोनाच्या कोसाइनच्या वर्गाप्रमाणे बदलते. म्हणजे तुम्ही लांबी बदलली असं म्हणता आणि नकळत कोनही बदललेला असतो. शिवाय संयुग्मित साखळी वाढली की ऊर्जेची दरी अरुंद होते, म्हणजे पाच रेणूंच्या मालिकेत अडथळ्याची उंचीही थोडी थोडी बदलत जाते. टोकाला गंधक असेल तर एकाच रेणूच्या दोन-तीन वेगळ्या किमती दिसतात. त्यासाठी मी अमाइनच्या टोकांकडे वळलो. हे सगळं सांभाळावं लागतं. पण हे रसायनशास्त्राचे प्रश्न आहेत, बाटलीत तपासता येतात, आणि एकदा सुटले की सुटले.

प्रकाशाच्या बाजूने

प्रकाशाचं आकर्षण मी समजू शकतो, कारण मी त्यालाच भुललो होतो. लांबीच्या मालिकेत प्रत्येक बिंदू वेगळ्या रेणूचा, वेगळ्या दिवसाचा, वेगळ्या टोकाचा. प्रकाशात रेणू तोच, जोड तोच, फक्त शटर उघडायचं. आधी आणि नंतर, बस. तत्त्वतः यापेक्षा स्वच्छ तुलना नाही.

आणि झालेलं कामही सुंदर आहे. डायअरिलएथीन हा रेणू अतिनील प्रकाशात मिटतो, दृश्य प्रकाशात उघडतो. मिटला की संयुग्मन सलग होतं, उघडला की तुटतं, आणि लांबी जवळपास तीच राहते. २००३ मध्ये ग्रोनिंगेनमधल्या मंडळींनी तो सोन्याच्या टोकांमध्ये धरून प्रकाश टाकला. मिटलेला रेणू उघडला, वाहकता पडली. उलट मात्र काही केल्या होईना. सोन्याला चिकटलेल्या रेणूची उत्तेजित अवस्था सोनं काढून घेतं, रेणूला मिटायला वेळच मिळत नाही. बीजिंगमधल्या गटाने २०१६ मध्ये सोन्याऐवजी ग्राफीन वापरलं आणि रेणू व ग्राफीनच्या मध्ये मिथिलीनचे तीन गट घातले. मग शंभराहून जास्त फेऱ्या दोन्ही बाजूंनी झाल्या, चालू-बंदमध्ये शंभर पटीचा फरक आला आणि उपकरण वर्षाहून जास्त टिकलं. प्रकाशाचा प्रश्न सुटला तो प्रकाशाशी झटापट करून सुटला नाही. इलेक्ट्रोड आणि रेणूमधलं अंतर तीन कार्बनने वाढवल्यावर सुटला. यात लांबीचा हात आहे, असं मला तरी वाटतं.

ॲझोबेंझीनचं उदाहरण तर त्याहून बोलकं. ३६५ नॅनोमीटरच्या आसपासचा अतिनील प्रकाश टाकला की त्याच्या सरळ, लांब ट्रान्स रूपाचं वाकलेलं सिस होतं, निळा टाकला की परत ट्रान्स. ट्रान्समध्ये दोन्ही टोकांच्या कार्बनमधलं अंतर ९ अँगस्ट्रॉम, सिसमध्ये साडेपाच. २००८ मध्ये समोरी आणि सहकाऱ्यांनी वाहक टोकाने अशा रेणूंच्या थरावर मोजलं तेव्हा सिसमध्ये वाहकता तीसपट वाढली होती, आणि टनेलिंगचा अडथळा आखूड झाला की जेवढी वाढ अपेक्षित असते तिच्याशी ती जुळत होती. शटर प्रकाशाचं, पण प्रवाह बदलला तो लांबीने.

म्हणून मी नेहमी आधी विचारतो, प्रकाशाने तुम्हाला काय करायचंय? रेणूचा आकार बदलायचाय, की आकार तसाच ठेवून उत्तेजित अवस्थेतून इलेक्ट्रॉन न्यायचाय? पहिलं काम चोख होतं, पण तिथे प्रकाश हा फक्त हात आहे. दुसरं काम म्हणजे प्रकाशात खरोखर वेगळं काही घडवणं, मी तेच निवडलं होतं, आणि गाडी तिथेच अडली.

ज्याने माझं ठरलं

माझा रेणू पॉर्फिरिनचा होता, रंगाने जांभळट लाल, प्रकाश भरपूर शोषणारा. टोक सोन्याचं, पाव मिलीमीटर जाडीच्या तारेचं कापलेलं. टोक जागेवर धरायचं, फीडबॅक (टोकाची उंची आपोआप सांभाळणारी सोय) बंद करायचा, रेणू अडकलेला असताना शटर उघडायचं. शटर उघडलं की प्रवाह वर जायचा, मिटलं की खाली यायचा. पडद्यावर देवळाच्या पायऱ्यांसारखं सुबक चित्र. दीडपट, कधी पावणेदोन पट. तापमान, व्होल्टेज, प्रकाशाची तीव्रता, सगळं बदलून पाहिलं. तीव्रता वाढवली की परिणाम वाढायचा, अगदी प्रमाणात. आठ महिने मी हे मोजत होतो आणि त्याचं स्पष्टीकरणही लिहायला घेतलं होतं.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी एकदा उभ्या उभ्या विचारलं, "अरे, साधी अल्केन लावून बघितलीस का?" अल्केन लाल प्रकाश शोषतच नाही. बघायची गरज वाटली नव्हती. त्या संध्याकाळी आठ कार्बनची साखळी लावली, तेच टोक, तोच लेसर. शटर उघडलं. प्रवाह वर. मिटलं. खाली. दीडपट.

नंतर रात्री हिशेब मांडला, तो आधी मांडायला हवा होता. सोनं दर अंशाला एक कोटी भागांत साधारण १४० भागांनी प्रसरण पावतं. टोकाचा एक मिलीमीटर भाग फक्त एका अंशाने तापला तर तो १४ नॅनोमीटरने लांबतो. माझा रेणू दोन नॅनोमीटरचाही नव्हता. अर्ध्या अँगस्ट्रॉमची हालचाल व्हायला एका अंशाच्या हजाराव्या भागाच्या जेमतेम साडेतीन पट तापमानवाढ पुरते. आणि अर्धा अँगस्ट्रॉम म्हणजे, बीटा दर अँगस्ट्रॉमला १ धरला तरी, दीडपटीहून जास्त. टोकाला इतकंसं तापण्यापासून रोखणारी कुठलीही सोय माझ्याकडे नव्हती. तीव्रता दुप्पट केली की तापमानवाढ दुप्पट, म्हणून परिणाम प्रमाणात वाढायचा. प्रकाशाचा परिणाम म्हणून आठ महिने मी जे मोजत होतो ते लांबीच होती. दोन इलेक्ट्रोडमधली लांबी, चोरपावलांनी आलेली.

शटरचा वेग बदलून पाहिला तेव्हा पायऱ्यांच्या जागी उतार दिसू लागले, करवतीच्या दात्यांसारखे. टोक तापायला आणि निवायला जो वेळ घेतं तो त्या उतारात स्पष्ट होता. माझं शटर एका विशिष्ट वेगाने चालायचं म्हणून इतके दिवस तो पायऱ्यांच्या वेषात लपला होता. शटर खूप वेगाने चालवलं की हा परिणाम कमी होतो, पण शून्य होत नाही. खरा प्रकाशपरिणाम त्याच्या खाली कुठेतरी असणार, पण तो वेगळा काढणं मला जमलं नाही.

निळ्या प्रकाशाने सुटका होईल अशी आशा होती. उलट झालं. सोनं लाल प्रकाश बहुतांश परत फेकतं, पण साधारण ५२० नॅनोमीटरच्या खाली तेच सोनं प्रकाश शोषायला लागतं, त्याचा पिवळा रंग त्यामुळेच असतो. निळ्यात टोक आणखी तापलं. अतिनीलमध्ये वेगळाच त्रास, हवेत गंधक-सोन्याचे बंध ऑक्सिडीकरणाने सुटत जातात, मग तासाभरात थरच विरळ. द्रावणात मोजावं तर द्रावक तापून त्यात प्रवाह उठतात आणि टोक हलतं.

यावर उपाय आहेत, ते सांगायला हवेत. प्रकाश चालू-बंद न करता सतत चालू ठेवायचा, अर्धा तास सगळं स्थिरावू द्यायचं आणि मग उजेडातला पूर्ण हिस्टोग्राम आणि अंधारातला पूर्ण हिस्टोग्राम यांची तुलना करायची. प्रत्येक वेळी टोक नव्याने दाबून ओढलं जातं, त्यामुळे प्रसरणाचा बराचसा हिशेब आपोआप चुकता होतो. प्रकाश टोकावर न पाडता खालून, पूर्ण आंतरिक परावर्तनाने द्यायचा. टोक आखूड ठेवायचं. किंवा टोकच काढून टाकायचं आणि दोन्ही इलेक्ट्रोड एकाच चिपवर पक्के करायचे, ग्राफीनवाल्यांनी केलं तसं. मी पहिले तीन करून पाहिले. परिणाम दीडपटीवरून दहा-पंधरा टक्क्यांवर आला, आणि ज्या दिवशी टोक जरा बोथट असेल त्या दिवशी तेवढाही दिसायचा नाही. तेव्हा वर म्हटलेली वीस टक्क्यांची गोष्ट आठवली. लांबीच्या आलेखात वीस टक्के चूक चालून जाते. इथे सगळा निष्कर्षच त्या वीस टक्क्यांच्या आत राहत होता. कदाचित तुमचा हात माझ्यापेक्षा स्थिर असेल, तुमचं यंत्र अधिक चांगलं असेल. माझा अनुभव मात्र हा असा.

आखूड तारेत प्रकाश का दिसत नाही

यानंतर मी एक साधा हिशेब केला, आणि रस्ता ठरवण्याआधी तुम्हीही तो तुमच्या आकड्यांनी करावा असं सुचवेन. ६३३ नॅनोमीटरचा एक मिलीवॉट लेसर दहा मायक्रॉनच्या ठिपक्यावर पाडला तर एका चौरस नॅनोमीटरवर दर सेकंदाला साधारण तीन-चार कोटी फोटॉन पडतात. चांगला गडद रंगाचा रेणूसुद्धा त्यातला छोटासाच वाटा टिपतो, त्याचं शोषणाचं क्षेत्रफळ चौरस नॅनोमीटरच्या शंभराव्या भागाच्या चार-पाच पट धरू. म्हणजे सेकंदाला पंधरा-वीस लाख वेळा रेणू उत्तेजित होणार. प्रत्येक वेळी एक इलेक्ट्रॉन पलीकडे गेला असं मानलं, आणि सोन्याजवळ ते मानणं फार उदार आहे, तरी हा प्रवाह एका पिकोअँपिअरच्या एक तृतीयांशही भरत नाही.

आता आठ कार्बनची तार, एक दशांश व्होल्ट: अंधारातलाच प्रवाह दोन नॅनोअँपिअर, म्हणजे सेकंदाला हजार कोटींहून जास्त इलेक्ट्रॉन. त्यात वीस लाख मिसळले तर कोणाला कळणार? टोकाजवळ प्लास्मॉनमुळे (धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या एकत्रित हेलकाव्यांमुळे) प्रकाशाचं क्षेत्र कितीतरी पटींनी वाढतं हे खरं, पण त्याच जागी उष्णताही वाढते आणि आपण पुन्हा टोकाच्या प्रसरणापाशी येतो.

लांब तारेत मात्र पारडं फिरतं. पाच-सहा नॅनोमीटरच्या तारेचा अंधारातला प्रवाह पिकोअँपिअरच्या घरात किंवा त्याहून खाली उतरतो. तिथे तो एक तृतीयांश पिकोअँपिअर लपून राहत नाही. शिवाय तारेचा मधला भाग धातूपासून लांब असतो, त्यामुळे उत्तेजित अवस्था लगेच विझत नाही. उड्या मारत जाणाऱ्या वाहकांची संख्या प्रकाशाने खरोखर वाढू शकते. तार लांबत गेली की तिचा शोषणाचा पट्टाही लाल बाजूला सरकतो. थायोफिनच्या तीन कड्यांचं द्रावण फिकट पिवळं दिसतं, सहा कड्या झाल्या की नारिंगी-लालकडे जातं. म्हणजे कोणता प्रकाश टाकायचा हेसुद्धा लांबीच ठरवते.

आणि टोकाच्या प्रसरणाचं काय? उड्यांच्या प्रदेशात बीटा लहान असतो. ०.०९ बीटाच्या तारेत अर्ध्या अँगस्ट्रॉमच्या हालचालीने वाहकता पाच टक्केही बदलत नाही. आखूड तारेत मला आठ महिने फसवणारी गोष्ट लांब तारेत बरीच बोथट होते. उष्णता मात्र उड्यांनाही बळ देते, त्यामुळे तापकावरचा आलेख आधी हातात हवा, म्हणजे प्रकाशामुळे किती आणि तापण्यामुळे किती हे वजा करता येतं.

कोणी काय घ्यावं

तुमच्याकडे अतिजलद स्पंदांचा लेसर असेल आणि धातूची टोकं नकोच असतील, तर वरचं बरंचसं तुम्हाला लागू नाही. दाता, मधली तार आणि स्वीकारणारा असा एकच रेणू द्रावणात ठेवायचा, प्रकाशाच्या स्पंदाने दात्याला उत्तेजित करायचं आणि इलेक्ट्रॉन पलीकडे कधी पोहोचला ते घड्याळासारखं मोजायचं. १९९८ मध्ये वासिलेव्स्की आणि सहकाऱ्यांनी फिनिलीन-व्हिनिलीनच्या तारांवर हे केलं, ११ ते ३८ अँगस्ट्रॉम अंतरापर्यंत, आणि आखूड तारांतलं टनेलिंग लांब तारांमध्ये तारेसारख्या वहनात कसं बदलतं ते दाखवलं. तिथे प्रकाश आणि लांबी यांच्यात निवड करावीच लागत नाही. तापणारं टोक नाही, विझवणारं सोनं नाही. अशी सोय असेल तर दोन्ही घ्या, मला त्यांचा हेवा वाटतो.

पक्क्या इलेक्ट्रोडच्या चिप बनवता येत असतील आणि प्रकाशाने चालू-बंद होणारं उपकरण हेच ध्येय असेल, तरी प्रकाशाची वाट चांगली. डायअरिलएथीनपासून सुरुवात करा, आणि जोडाजवळच्या त्या तीन कार्बनांना विसरू नका.

पण हाताशी सोन्याचं टोक आणि ब्रेक जंक्शन असेल, आणि इलेक्ट्रॉन कसा जातो हाच प्रश्न असेल, तर मी लांबीकडेच ढकलेन, नम्रपणे पण जोर लावून. पहिली मालिका अल्केनची, दोन्ही टोकांना अमाइन, सहा ते बारा कार्बन. रेणू विकत मिळतात, उतार माहीत आहे, आणि तो दर कार्बनला १ च्या जवळ आला नाही तर दोष यंत्रात आहे हे महिन्याभरात कळतं. सम-विषम कार्बनांची सरमिसळ पहिल्या फेरीत टाळा, थरांवर मोजताना दोघांचा प्रवाह किंचित वेगळा येऊ शकतो आणि नाहक गोंधळ उडतो. दुसरी मालिका संयुग्मित तारांची, सोन्यावर वाढवलेली, चार नॅनोमीटरच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन बिंदू पडतील अशी. तिसरं काम तापकाचं.

लेसर आणायचा तो त्यानंतर. माझं जुनं शटर अजून टेबलावर जोडलेलं आहे आणि वापरातही आहे, फक्त क्रम बदलला आहे. आता आधी आठ कार्बनची साखळी लावतो, शटर उघडतो आणि प्रवाह हलतो का ते बघतो. हलला तर टोक आखूड करतो, प्रकाश कमी करतो, पुन्हा बघतो. कधी कधी यात आख्खी दुपार जाते. रेघ सपाट राहिली की मगच साखळीचा नमुना काढून सात कड्यांची तार ठेवतो. गेल्या पावसाळ्यात त्या तारेवर पहिल्यांदा अशी पायरी मिळाली जी शटरचा वेग बदलल्यावरही उतरती झाली नाही. मोठी नव्हती, पाव पिकोअँपिअरपेक्षा कमीच. तीच पायरी सहा कड्यांवर आणि आठ कड्यांवर कशी येते, हे सध्या मोजतोय.